वाचनाला ओघ येतो कुठून?

तिसरीतल्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत आणि तेही समजून वाचावेत, असं ‘निपुण भारत’ अभियानाचं उद्दिष्ट आहे. दुसरीसाठी अपेक्षा ४५ ते ६० शब्दांची. केंद्राने ५ जुलै २०२१ रोजी हे अभियान सुरू केलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्राने त्याचा शासन निर्णय काढला. तेव्हापासून शिक्षण परिषदांमध्ये, केंद्रप्रमुखांच्या भेटींत, पालकसभांत हा साठाचा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. आकडा लक्षात राहतो, कारण तो मोजता येतो. ‘समजून’ हा शब्द मात्र मागे पडतो. सिंधुदुर्गातल्या मालवणच्या किनारपट्टीवरच्या छोट्या शाळांत या मागे पडलेल्या शब्दाचं काय होतं, ते नीट पाहण्यासारखं आहे.

आधी आकड्याबद्दल थोडंसं. ‘किनाऱ्यावरच्या होड्यांमधून’ हे मराठीत दोन शब्द होतात. हिंदीत ‘किनारे पर की नावों में से’ असे सहा. मराठी शब्दाला विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय चिकटून येतात, त्यामुळे तो लांबतो. मराठीतले साठ शब्द वाचणाऱ्या मुलाच्या डोळ्यांनी हिंदीतल्या साठ शब्दांपेक्षा बरीच जास्त अक्षरं ओलांडलेली असतात. इंग्रजीतही असे शब्द सुटेच येतात, म्हणून तिथले गतीचे तक्ते समोर ठेवून मराठी मुलाला ‘हळू’ ठरवणं चुकीचं आहे.

आता वाक्याजवळ जाऊ. ‘वादळ सुटल्यावर तांडेलाने होडी किनाऱ्याकडे वळवली.’ सहा शब्द. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, हे मालवणच्या मुलाला सांगावं लागत नाही. पण अजून अक्षर-अक्षर जुळवणारं मूल हे वाक्य कसं वाचतं? वा... द... ळ, वादळ. मग ‘सु’, मग ‘ट’, आणि ‘ल्या’पाशी बोट थांबतं, कारण तिथे अर्धा ल आहे, य आहे आणि काना आहे. ‘किनाऱ्याकडे’मध्ये वेलांटी ‘क’च्या आधी लिहिलेली, पण उच्चारायची नंतर. शिवाय पुढे तो ‘ऱ्या’ उभाच. ‘वळवली’पर्यंत पोहोचायला अर्धं मिनिट गेलं, की वादळ केव्हाच विसरलेलं असतं. कोणी, काय, कुठे वळवलं, यातलं काहीच हातात उरत नाही. मूल बुद्धीने कमी नसतं. त्याचं सगळं लक्ष अक्षरं सोडवण्यात खर्च झालेलं असतं.

डेव्हिड लाबर्ज आणि जे सॅम्युएल्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये हीच गोष्ट सिद्धांत म्हणून मांडली. माणसाचं लक्ष मर्यादित असतं. अक्षरओळख सहज, आपोआप झाली, की तेच लक्ष अर्थाकडे वळायला मोकळं होतं. ओघवतं वाचन म्हणजे ही मोकळीक. त्यात अचूकता येते, गती येते, आणि तिसरी गोष्ट येते ती लय: कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, प्रश्न प्रश्नासारखा कसा वाचायचा. पहिल्या दोन गोष्टी मोजता येतात. तिसरी ऐकावी लागते, आणि मुलाला अर्थ लागतोय की नाही हे सगळ्यात आधी तीच सांगते.

देवनागरीत अक्षरओळख अशी सहज व्हायला वेळ लागतो. इंग्रजीत सव्वीस अक्षरं असतात आणि घोटाळा असतो तो उच्चारांचा. आपल्याकडे उच्चार बराचसा लिहिल्याबरहुकूम असतो, पण चिन्हांचा पसारा मोठा. प्रत्येक व्यंजनाची बाराखडी, त्यावर जोडाक्षरं, त्यावर रफाराचे प्रकार. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक एका छोट्या वळणाचा, पण एक समुद्र आणि दुसऱ्या डोंगरातल्या. सोनाली नाग यांनी कन्नड शाळांतल्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा असंच दिसलं की अशा लिपीत अक्षरज्ञान पहिलीत पुरं होत नाही, ते चौथी-पाचवीपर्यंत भरत राहतं. कन्नड आणि देवनागरी यांची बांधणी एकाच प्रकारची आहे, म्हणून ही गोष्ट आपल्यालाही लागू पडते. दुसरीतलं मूल ‘ष्ट्र’पाशी अडखळलं तर घाबरून जाण्याचं कारण नाही. पण बाराखडी ‘पूर्ण’ होईपर्यंत त्याला गोष्टीचं पुस्तक दिलंच नाही, तर मात्र खरं नुकसान होतं. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात नीलेश निमकर यांच्या ‘क्वेस्ट’ या संस्थेने आणि अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या शैलजा मेनन यांनी मिळून सलग काही वर्षं मुलांच्या वाचनाचा पाठपुरावा केला. त्या कामात हेच पुन्हा पुन्हा समोर आलं: अक्षरं गिरवण्यात वर्षं जातात आणि अर्थपूर्ण वाचन मागे राहतं.

सिंधुदुर्गातली वर्गखोली आता डोळ्यांसमोर आणा. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा २०११ च्या जनगणनेत ८५ टक्क्यांच्या वर साक्षर होता. वस्ती विरळ, वाड्या लांब लांब. त्यामुळे शाळा छोट्या. वीस-पंचवीस मुलं, दोन शिक्षक, आणि दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, एवढी कमी मुलं, सगळ्यांकडे लक्ष देणं सोपंच. पण त्या वीस मुलांत किती तऱ्हा असतात!

एक मुलगा रापणकराचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे पकडणाऱ्याचा. घरी फक्त मालवणी. गोष्ट सांगायला लागला की सगळा वर्ग ऐकत राहतो, पण पुस्तक उघडलं की आवाज सपाट होतो. दुसरी मुलगी आंब्याच्या बागेची राखण करणाऱ्या नेपाळी कुटुंबातली. नेपाळीसुद्धा देवनागरीतच लिहितात, त्यामुळे थोरल्या भावंडाबरोबर ती अक्षरं शिकून आलेली. भराभर वाचते, मिनिटाला साठाच्या वरही जाईल, पण वाचलेलं विचारलं की गप्प. शिवाय नेपाळीत ‘ळ’ नाही, म्हणून ‘वादळ’चं ‘वादल’ होतं. तिसरा चिरेखाणीवर कामाला आलेल्या कन्नड घरातला. गावाकडे एखादं वर्ष शाळेत गेला असेल, तर काना-मात्रेची कल्पना त्याला आहे, फक्त आकृत्या वेगळ्या. चौथी मुलगी इथलीच, मालवणीच बोलणारी, हुशार, गणितात पुढे. पण चौथीत आली तरी एकेक शब्द ओढत वाचते.

घड्याळ लावलं, तर या चौघांत नेपाळी मुलगी पहिली येईल. समजण्याच्या कसोटीवर बहुधा ती शेवटची असेल. एकाच आकड्याखाली चार वेगळ्या अडचणी लपतात, आणि उपायही चार वेगळे लागतात. पहिल्याला मालवणीचा हात धरून पुस्तकातल्या मराठीकडे न्यायला हवं, दुसरीला मराठीत भरपूर गप्पा आणि गोष्टी हव्यात, तिसऱ्याला आकृत्यांची जुळणी करून हवी. चौथ्या मुलीची गोष्ट जरा पुढे सांगतो.

पहिल्या मुलापाशी थोडं थांबू, कारण किनाऱ्यावर त्याच्यासारखी मुलं सगळ्यात जास्त. पुस्तकात आहे ‘तो आला’. मुलगा वाचतो ‘तो इलो’. शिक्षक लगेच म्हणतात, ‘चुकलं, परत वाच.’ पण काय झालं ते पाहा. मुलाच्या डोळ्यांनी ‘आला’ टिपलं, त्याला अर्थ कळला, आणि अर्थ त्याच्या तोंडून त्याच्या भाषेत बाहेर आला. अक्षरं नुसती जुळवणाऱ्या मुलाकडून अशी चूक होतच नाही. अमेरिकेतल्या केनेथ गुडमन यांनी साठच्या दशकात वाचनातल्या चुका अशाच तपासल्या आणि दाखवलं की काही चुका न समजल्याच्या असतात, तर काही समजल्याच्या. ‘तो इलो’ ही समजल्याची चूक. तिथे ‘बरोबर, इलो. आणि पुस्तकात कसं लिहिलंय, बघ’ एवढं म्हटलं, तर मूल दोन्ही भाषा हातात धरून पुढे जातं. त्या जागी दटावलं, तर पुढच्या वेळी ते अर्थाचा विचार सोडून देतं आणि फक्त अक्षरं बोलू लागतं. सपाट आवाज तिथूनच सुरू होतो.

मालवणीला घरी ठेवून शाळेत यायला लावणं हा वाचनाच्या दृष्टीने तोट्याचा सौदा आहे. वाचताना आवाजात येणारी लय बोलण्यातून येते, आणि या मुलांचं बोलणं मालवणी आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर मुलांनी स्वतः सांगितलेले शब्द आणि वाक्यं लिहून देऊन त्यांच्यावरूनच वाचन शिकवत. त्यांचं ‘टीचर’ हे पुस्तक १९६३ चं. मालवणात ते असं करता येईल: मूल सांगेल, ‘काल मी बापाशीवांगडा रापणीक गेल्लंय. बांगडे गावले. आवशीन तिकला केल्यान.’ शिक्षकाने तसंच्या तसं फळ्यावर लिहायचं. शेजारी लिहायचं, ‘काल मी बाबांबरोबर रापणीला गेलो. बांगडे मिळाले. आईने तिकलं केलं.’ पहिली तीन वाक्यं मूल न अडखळता वाचेल, कारण ती त्याचीच आहेत. दुसरी तीन वाचताना अर्थ आधीच हातात असतो, फक्त शब्दांची रूपं बदलतात. नेपाळी आणि कन्नड मुलांनाही यातून रापण, बांगडे, तिकलं हे शब्द गावाच्या संदर्भासकट मिळतात. एका फळ्यावर तिघांचंही काम होतं.

सिंधुदुर्गातल्या मुलांकडे याहून मोठी शिदोरी आहे. ती म्हणजे दशावतार हे लोकनाट्य. जत्रेच्या रात्री आडदशावतारात, म्हणजे नाटकाच्या पूर्वरंगात, संकासुर येतो, त्याचं बोलणं मालवणी, प्रेक्षकांशी थेट. पुढे आख्यान लागलं की राजे, ऋषी आणि देव भारदस्त प्रमाण मराठीत बोलतात, आणि तेही संहिता पाठ करून नव्हे, जागच्या जागी संवाद रचून. किनाऱ्यावरचं मूल एकाच रात्री दोन्ही मराठी ऐकतं आणि कोणती कुठे बोलायची हे त्याला कोणी न शिकवता कळतं. 

वर्गात याचा उपयोग नाट्यवाचनासाठी होतो. पाठातली गोष्ट पात्रांमध्ये वाटायची. कोणी पाठ करायचं नाही, हातात पान घेऊनच वाचायचं. जो चांगला वाचतो त्याच्याकडे निवेदन. अडखळणाऱ्याकडे असं पात्र, ज्याचं एकच वाक्य चार-पाचदा येतं. त्याला तेवढं एक वाक्य इतकं पक्कं करता येतं की तो ते राजासारखं म्हणतो. सगळ्यांसमोर मजकूर एकच असतो, पण प्रत्येकाच्या वाट्याचं ओझं वेगळं. कोणाला ‘मागे’ बसवावं लागत नाही. आणि नाटक म्हटलं की तेच पान सहा-सातदा वाचायला मुलं कुरकुरत नाहीत.

या पुन्हा पुन्हा वाचण्यातच खरी ताकद आहे. सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये ही पद्धत मांडली: पन्नास ते दोनशे शब्दांचा एक उतारा घ्यायचा आणि तो ओघ येईपर्यंत पुन्हा वाचायचा. पहिल्या वेळी मूल अक्षरांशी झुंजतं, दुसऱ्या वेळी शब्द ओळखीचे होतात, तिसऱ्या-चौथ्या वेळी वाक्य वाक्यासारखं येतं. नवलाची गोष्ट अशी की हा फायदा त्या उताऱ्यापुरता राहत नाही, पुढचा नवा उताराही बऱ्या गतीने सुरू होतो. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनलने २००० साली अनेक संशोधनं तपासली. मार्गदर्शनासह पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचल्याने ओघ आणि आकलन दोन्ही वाढतात, असं त्यातून दिसलं. कोकणातल्या घरांना ही पद्धत परकी नाही. श्रावणात लावलेली पोथी, गणपतीतली आरतीची पुस्तिका, भजनाची वही, सगळीकडे ओळखीचा मजकूर वर्षानुवर्षं पुन्हा वाचला जातो. तोंडपाठ आरती बोट ठेवून वाचणारं मूल कानातलं आणि डोळ्यांसमोरचं जुळवतं, आणि या जुळणीतूनच पुढे वाचन येतं.

आता एक सवय, जी सोडायला हवी. ‘चला, एकेकाने उठून एकेक परिच्छेद वाचा.’ वीस मुलं आणि तीस मिनिटांचा तास, तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट वाचन येतं. उरलेली साडेअठ्ठावीस मिनिटं मूल आपला नंबर कधी येतो ते मोजत बसतं. जो अडखळतो त्याचं अडखळणं वीस जण ऐकतात. त्याच तासात मुलांच्या जोड्या लावल्या, तर प्रत्येकाला पंधरा मिनिटं वाचायला मिळतं आणि ऐकणारा एकच असतो. जोडीत थोडं पुढचं आणि थोडं मागचं मूल असावं. फार अंतर नको, नाहीतर पुढचं मूल सगळं काम स्वतःच करून टाकतं. दोन इयत्ता एका खोलीत असणं इथे पथ्यावर पडतं: चौथीतलं मूल दुसरीतल्याचं ऐकतं. चौथीतल्या कच्च्या वाचकाला दुसरीचं पुस्तक ‘धाकट्याला वाचून दाखवायला’ म्हणून दिलं, की सोपं पुस्तक वाचण्याची लाज उरत नाही.

पुस्तक किती अवघड असावं? वीस शब्दांत एखादा अडला तर ते पुस्तक सरावाला योग्य. दहात एकाहून अधिक अडत असतील, तर ते शिक्षकाने वाचून दाखवायचं. शाळांत नेमकी इथेच उणीव भासते. पाठ्यपुस्तक एकच असतं आणि ते वर्गातल्या निम्म्या मुलांना एक तर कठीण, नाहीतर फार सोपं असतं. त्याच्या आजूबाजूला लहान लहान पुस्तकांचा ढीग हवा. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं, प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वरच्या पातळीवार गोष्टी, आणि शाळेतल्या मुलांनीच सांगितलेल्या गोष्टींच्या शिवलेल्या वह्या. कपाटाला कुलूप नको. पुस्तक फाटलं तर फाटलं.

अक्षरांबरोबर गोष्टीही सुरुवातीपासून द्यायच्या, हे फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत आणि कमला निंबकर बालभवनात फार आधी करून दाखवलं. अमेरिकेतून आलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाई भारताच्या नागरिक झाल्या आणि मराठीतलं वाचन हे त्यांनी आयुष्याचं काम मानलं. त्यांच्या शाळेत वेगवेगळ्या जातींची आणि आर्थिक थरांतली मुलं एकत्र बसत आली आहेत. अक्षरांचे छोटे गट घ्यायचे, त्यांत मात्रा लगेच आणायच्या, म्हणजे चार-पाच अक्षरांत शब्द आणि छोटी वाक्यं वाचता येतात, आणि त्यासोबत पहिल्या दिवसापासून गोष्टी, गप्पा आणि चित्रं. अक्षर आणि अर्थ यांची तिथे फारकत होत नाही.

आता त्या चौथ्या मुलीकडे. बोलण्यात चटपटीत, गणितात हुशार, वाचताना मात्र संथ. आधी तिचे डोळे आणि कान तपासायला हवेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक शाळेत येतं, त्यांना हे मुद्दाम सांगावं. चष्म्याने सुटणारा प्रश्न वर्षभर ‘आळशी’ या नावाखाली खपवणं हा त्या मुलीवर अन्याय आहे. डोळे-कान ठीक असतील आणि भरपूर सराव होऊनही ओघ येत नसेल, तर डिस्लेक्सियाची शक्यता धरावी. मराठीत ती ओळखणं अवघड जातं. इंग्रजीत डिस्लेक्सिया असलेलं मूल चुकीचं वाचतं, म्हणून लवकर डोळ्यांत येतं. मराठीसारख्या लिहिल्याप्रमाणे वाचल्या जाणाऱ्या भाषेत असं मूल पुष्कळदा बरोबरच वाचतं, फक्त फार हळू. अचूक वाचतंय म्हणून ते सुटून जातं. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी-सिंग यांच्या नेतृत्वाखाली ‘डाली’ ही चाचणी तयार झाली, आणि ती मराठीतही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता येते आणि डिस्लेक्सिया तिचाच भाग, म्हणजे तसं निदान झालं तर सवलती हा त्या मुलीचा हक्क आहे. तिला वर्गाबाहेर काढण्याची गरज नाही. तिला तोच उतारा आधी ऐकायला मिळावा, ओळी मोठ्या आणि मोकळ्या छापलेल्या असाव्यात, अर्थाच्या तुकड्यांवर तिरक्या रेघा असाव्यात, आणि तिच्यासमोर घड्याळ कधीच धरू नये.

शिक्षकाने मोजूच नये असं नाही. महिन्यातून एकदा, एकट्या मुलाबरोबर, न पाहिलेला छोटा उतारा, एक मिनिट. बरोबर शब्दांची नोंद करायची, लगेच पुस्तक मिटायचं आणि विचारायचं, ‘काय झालं गोष्टीत?’ मालवणीत सांगितलं तरी चालेल, नेपाळीमिश्रित सांगितलं तरी चालेल. दोन्ही नोंदी शेजारीशेजारी लिहायच्या. फक्त पहिलीच नोंद वर पाठवायची असेल, तर ती अपुरी आहे हे केंद्रप्रमुखांना सांगायचं धाडस शिक्षकाने करावं.

आणि घर. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक होड्यांनी मासेमारी करायला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर चढवून झाकलेल्या असतात, जाळी दुरुस्त होत असतात, आणि एरवी पहाटे दर्यावर जाणारा बाप घरी असतो. शाळाही जूनच्या मध्यावर उघडलेली असते. वर्षातले हे दीड महिने पालकसभेत हक्काने मागून घ्यावेत: रोज दहा मिनिटं मुलाचं वाचन ऐकायचं. बापाला वाचता येत नसलं तरी अडत नाही. ऐकता येतं, आणि मूल संपवून थांबलं की ‘काय वाचलंस, ता सांग बघू’ एवढं विचारता येतं. या दीड महिन्यासाठी शाळेने प्रत्येक घरी दोन पुस्तकं आणि एक वही द्यावी. वहीत फक्त तारीख आणि गोष्टीचं नाव, आणि बंदी उठेपर्यंत ती भरत राहावी.